बाबांच्या ओव्या परत मिळवून देणाऱ्या काकांना

ती. काकांना सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि उघडं पत्र अशासाठी, की कपाटात जुनी हार्ड डिस्क पडून असलेल्या इतरांनाही तुम्ही काय केलंत ते कळावं.

बाबांनी शाळेची नोकरी सांभाळून माण तालुक्यातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. प्रत्येक ओवीखाली सांगणारीचं नाव आणि गाव. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. उरलं होतं ते बाबांनी स्वतः टाइप केलेलं, २००३ सालच्या ४० जीबीच्या डिस्कवर. फोल्डर दिसायचं, पण फाइल उघडायला गेलं की सगळं अडकून बसायचं. एका दुकानात "फॉरमॅट मारून बघू" म्हणाले, तेव्हा डिस्क उचलून मी थेट तुमच्याकडे आले.

तुम्ही ती आधी कानाला लावून ऐकलीत. खट् खट् असा आवाज असता तर हात लावला नसता, सरळ क्लीन रूम, म्हणजे धूळविरहित खोली असलेल्या लॅबमध्ये पाठवायला सांगितलं असतं, असं स्पष्ट म्हणालात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर ती वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, ते एकदा टेकलं की प्रत्येक फेऱ्यात आणखी खरवडतं, हेही तेव्हाच कळलं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जो सल्ला सगळीकडून मिळतो, तो तुम्ही पहिल्यांदाच खोडून काढलात: बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

मग जुनी डिस्क जोडायची चाळीस पिनांची ती चपटी केबल, बारा व्होल्टचा वेगळा पुरवठा, शेजारी टेबलफॅन. विंडोजला तुम्ही डिस्कजवळ फिरकूही दिलं नाहीत, कारण ते आपणहून दुरुस्ती करायला जातं आणि त्याच डिस्कवर लिहितं. लिनक्सवरून डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर लावलंत. आधी धडधाकट भाग उचलायचा, अडलेल्या जागा नकाशात नोंदवून पुढे जायचं आणि शेवटी त्याच जागांकडे परत यायचं, ही त्याची रीत मला फार आवडली. वाचता आली तेवढी प्रत नव्या डिस्कवर उतरल्यावर जुनी काढून ठेवलीत आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर केलंत.

इतक्यावर थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण फाइल उघडली तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं! बाबांनी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलं होतं. फाँट नसेल तर त्या मजकुराला काही अर्थ नाही. तुम्ही जुन्या विंडोज फोल्डरातून नेमका तो फाँट शोधून काढलात, मग मजकूर आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणलात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रूपांतरात ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसली होती आणि रफारही जागचे हलले होते. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही ओळ न् ओळ ताडून पाहत होतात. एका बाईच्या नावातली वेलांटी चुकलेली सापडली तेव्हा म्हणालात, "हिचं नाव चुकता कामा नये." काका, हे बाबांचंच वाक्य आहे. तुमची दोघांची कधी भेट झाली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन प्रती आहेत: एक घरात, एक क्लाउडवर, एक साताऱ्याला मावसभावाकडे वेगळ्या डिस्कवर. मूळ फाइली आणि फाँटही सोबत ठेवलेत. चेकसमची, म्हणजे फाइल बदलली का ते दाखवणाऱ्या आकड्यांची यादी छापून बाबांच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे आणि दर दिवाळीत प्रती उघडून ताडून पाहायचं ठरलंय.

डिस्कच्या ज्या सेक्टरमधलं (छोट्या तुकड्यांतलं) काहीच वाचता आलं नाही, त्यांत म्हसवडकडच्या काही ओव्या होत्या. सांगणाऱ्यांची नावं मात्र बाबांच्या वेगळ्या यादीत मिळाली. त्यांतल्या कुणी भेटतात का, ते पाहायला पुढच्या महिन्यात जातेय. येताना जे मिळेल ते आधी तुमच्याकडे घेऊन येईन.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची लेक