विषय : टांगायच्या सुगंधी सजावटीच्या संचात बरणीचं मेण. मला पैसे परत हवेत

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन नुकताच ठेवला. 'तक्रार बंद झाली' असा मेसेजही लगेच आला. बंद तुमच्याकडून झाली असेल, माझ्याकडून नाही.

संचाच्या खोक्यावर तारा, घंटा आणि पणती रिबिनीला टांगलेल्या दाखवल्या आहेत. आत मात्र बरणीत ओतायचं मऊ सोया मेण आहे. वितळबिंदू ४८ अंश, हे तुमच्याच पाकिटावर छापलंय. हे मेण काचेच्या आधारानं राहण्यासाठी बनवतात. स्वतःचं वजन पेलणाऱ्या वस्तूसाठी साच्याचं कडक सोया लागतं, नाहीतर निम्मं सोया आणि निम्मं मधमाशीचं मेण, जे ६२ ते ६४ अंशांना वितळतं. हे तुम्हाला मी सांगायचं?

त्यावर कडी म्हणजे माहितीपत्रक. ५०० ग्रॅम मेणात सुगंधी तेलाची १०० मिलीची अख्खी बाटली ओता, म्हणे. म्हणजे जवळपास २० टक्के तेल! साच्यातल्या मेणाला ५-६ टक्के पुरे, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. त्यातही 'सुगंध उडू नये म्हणून' तेल ५० अंशांवर घालायला सांगितलंय. तोवर हे मेण कडेनं धरायला लागलेलं असतं, तेल एकजीव होणार कसं? ८० अंशांच्या आसपास घालून दोन मिनिटं सावकाश ढवळायचं आणि जरा निवल्यावर साच्यात ओतायचं, ही साधी रीत आहे. जास्तीचं तेल मेण धरून ठेवत नाही, उलट स्वतः आणखी मऊ पडतं. ताऱ्याच्या पाठीवर तेलाचे मणी येतात, वर दाबलेली संत्र्याची चकती सुटते, रिबिनीचं भोक खाली ओढलं जाऊन लांबुळकं होतं आणि शेवटी वरची कड फाटते. शोकेसच्या पॉलिशवर तेलाचा डाग पडला तो वेगळाच.

आता तुमच्या प्रतिनिधीशी झालेलं बोलणं. कॉल रेकॉर्ड होतो म्हणता ना, मग ऐकाच.

"मॅडम, वात किती ठेवली होती?"

"वात नाहीये. तुमच्या संचातच वात येत नाही. ही टांगायची वस्तू आहे."

बराच वेळ कीबोर्डची टकटक. मग, "ठीक आहे मॅडम, मग पेटवू नका."

"पेटवत नाहीच आहे!"

"तुमच्याकडं ऊन फार असेल. फ्रीजमध्ये ठेवा, सणादिवशी बाहेर काढा."

डिसेंबरातलं बेळगाव, ७५० मीटर उंचीवरचं, घराघरात स्वेटर निघालेले. आणि ऊन! सजावट फ्रीजमध्ये भाजीशेजारी टांगायची असेल तर तसं खोक्यावर छापा. शिवाय गार मेण बाहेर काढलं की त्यावर दव धरतं, आणि एकदम गार केलं तर तडे जातात. संयम ठेवून लिहायचं ठरवलं होतं, पण 'पेटवू नका' हे काही डोक्यातून जात नाही.

परतीचा पिकअपही रद्द झाला. प्रतिनिधीनं पत्त्यात राज्य 'महाराष्ट्र' टाकलं आणि ५९ नं सुरू होणारा पिन कर्नाटकाचा, म्हणून कुरियरनं नाकारलं. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून चाललेला सीमेचा दावा तुमच्या माणसानं एका क्लिकमध्ये निकालात काढला, त्याबद्दल अभिनंदन. पण पिकअप तेवढा पाठवा.

पर्याय म्हणून 'पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट' देऊ केलीत. पुढची खरेदी? तुमचे सिलिकॉनचे साचे खरंच चांगले आहेत, कडा स्वच्छ निघतात, म्हणून तर हा संच घेतला होता. साचे बनवणाऱ्यानं एकदा मेणाच्या विभागात डोकावायला हरकत नाही.

पूर्ण रक्कम दहा दिवसांत परत करा आणि माहितीपत्रकातली ती बाटलीची ओळ काढा. १०० मिली, ५०० ग्रॅमला, हे छापलं कोणी ते तरी कळवा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथं तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही.

सोबत : बिल, माहितीपत्रकाचा फोटो, फाटलेल्या भोकाचा जवळून फोटो.

तक्रारदार ग्राहक,
बेळगाव, राज्य कर्नाटक