शिफारशींना धार कधी येणार?

महोदय,

१९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातील २०१९ची दुरुस्ती राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षपदी माजी सरन्यायाधीशच हवेत ही अट शिथिल करण्यात आणि कार्यकाळ पाचवरून तीन वर्षांवर आणण्यातच खर्ची पडली. मूळ दुखणे तसेच राहिले. कोठडीत मारहाण झालेल्याला आयोगाने भरपाई सुचवली, तरी कलम १८नुसार ती केवळ शिफारस ठरते आणि शासनाने ती बासनात गुंडाळली, तर आयोगालाच न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. त्यातून वर्षाहून जुन्या घटनेची चौकशी कलम ३६ रोखते. कलम ३०नुसार सत्र न्यायालयांना मानवी हक्क न्यायालयांचा दर्जा देता येतो खरा, पण तेथे खटला कसा चालवायचा, याबाबत कायदा मौन बाळगतो. न्यायालये मर्यादा ओलांडतात अशी तक्रार करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी ही पोकळी आधी स्वतः भरावी.

– एक वाचक, सातारा