बॅगेतलं पुरुमेंत

स्विंडन, इंग्लंड,
एप्रिल २०२६

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, इथे मटण पंधराशे रुपये किलो असेल तर तुम्ही खाता तरी काय, आणि गणेशचवथीनंतर येताना तांदूळ, तेल, डाळ सगळंच भरून आणू का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर हे नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहिते. पत्र जपून ठेवा. यातलं काही सामान पाऊस लागायच्या आधीच घ्यावं लागेल.

आधी रुपयांचा हिशेब बाजूला ठेवा. पौंड सव्वाशेच्या आसपास आहे, त्यामुळे प्रत्येक भाव ऐकून तुमचा जीव दडपतो. इथे कमीत कमी मजुरी तासाला १२.७१ पौंड आहे, याच महिन्यात ती १२.२१ वरून वाढली. कोंबडीच्या तंगड्या साधारण तीन पौंड किलो, म्हणजे तासाभराच्या कामात चार किलो. मटण बारा ते चौदा पौंड, म्हणजे तासाला किलोभरच. तिथे गोव्यात किलोभर मटणाला दिवसाची मजुरीही पुरत नाही. म्हणून नुसत्या आकड्यांनी घाबरू नका. पण महागाई खोटी आहे असंही नाही. मार्च २०२३ मध्ये इथे खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षभरात १९ टक्क्यांहून जास्त महागल्या होत्या, पंचेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. वाढीचा वेग नंतर उतरला, चढलेले भाव मात्र खाली आले नाहीत. घरभाडं, कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), वीज यांत हात घालता येत नाही, मग कात्री लागते ती बाजाराच्या पिशवीला.

कोंबडीचं सांगते, कारण तीच सगळ्यात जास्त लागते. युक्रेनच्या युद्धानंतर खाद्य आणि वीज महागली, बर्ड फ्लूने कळपच्या कळप मारावे लागले, आणि बऱ्याच सुपरमार्केटांनी कोंबड्यांना जास्त जागा द्यायचं ठरवल्यामुळे एका शेडात पक्षी कमी मावतात. भाव वाढले ते यामुळे. सुपरमार्केटची अख्खी कोंबडी दीड-पावणेदोन किलोची असते, कातडीसकट, आणि पोटातली पेटं-काळीज बहुधा नसतात. कातडी काढली की आठवा-दहावा हिस्सा गेलाच. तरीही नुसत्या छातीच्या मांसापेक्षा ती निम्म्या भावात पडते, आणि शागोतीच्या रश्श्याला हाडच लागतं. आशियाई खाटकाकडे घेतली तर तो कातडी काढून रश्श्याचे तुकडे फुकट करून देतो. फक्त एक विचारायचं: वजन कातडी काढण्याआधीचं की नंतरचं? भाव सारखाच दिसला तरी दोन दुकानांत इथेच फरक पडतो.

त्याच खाटकाकडे ‘हार्ड चिकन’ मागा. अंडी देऊन थकलेली कोंबडी ती. लहान, चिवट, स्वस्त, आणि चवीला गावठीच्या सगळ्यात जवळची. आई, हिला कुकरमध्ये पंचवीस-तीस मिनिटं हवीत. तुझ्या नेहमीच्या वेळात काढलीस तर दाताला रबर लागेल आणि कोंबडी खराब निघाली असं वाटेल.

गोठवलेल्या छातीच्या मोठ्या पिशव्या मात्र नीट वाचून घ्या. काहींवर बारीक अक्षरांत चिकन ८० टक्के, बाकी पाणी आणि मीठ असं लिहिलेलं असतं. ते पाणी कढईत सुटतं, मसाला पातळ होतो आणि मीठ जास्त पडतं. बाबांच्या बीपीसाठी ही पिशवी नकोच.

मटणाची गोष्ट वेगळी आहे. तिथे मटण म्हणजे बकरा. इथे मटण म्हणजे मोठी मेंढी आणि लॅम्ब म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू. बकरा हवा तर ‘गोट’ म्हणून वेगळा मागावा लागतो आणि रोज मिळत नाही. मेंढीची पांढरी चरबी मेणासारखी गोठते आणि वास तिलाच येतो. शिजवण्याआधी ती सुरीने काढून टाकायची आणि उकळी आल्यावर वर आलेलं तेल चमच्याने उतरवायचं. एवढं केलं की वासाची तक्रार राहत नाही. मांडीपेक्षा मान आणि खांदा घ्या, स्वस्तही पडतात आणि रश्श्याला चवही त्यांचीच. कोकरू कुकरमध्ये पंधरा मिनिटांत शिजतं, मोठ्या मेंढीला दुप्पट वेळ.

या देशात मेंढ्यांचे कळप कमी होत चाललेत, म्हणून भाव एकूणच वर आहे. पण वर्षातसुद्धा चढउतार असतात. ईस्टरपासून बकरी ईदपर्यंत मागणी जोरात आणि नवीन कोकरं बाजारात थोडी, तेव्हा भाव शेंड्याला. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये उन्हाळ्यात वाढलेली कोकरं एकदम विक्रीला येतात, तेव्हा भाव उतरतो. तुम्ही नेमके त्याच वेळी इथे असाल. आपण मेमध्ये सुकी मासळी, मिरची, सोलां (कोकम) भरून पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे बेगमी, करतो ना, तसं इथलं पुरुमेंत ऑक्टोबरात आणि फ्रीझरमध्ये.

मासळीत बांगड्याचा चुलतभाऊ मॅकेरल हा आपल्याला सगळ्यात जवळचा. स्कॉटलंडकडचा, तीनशे-चारशे ग्रॅमचा, बांगड्याहून तेलकट. तिरफळ घातलेल्या हुमणाच्या रश्श्यात चांगला लागतो, आटवणीत तर फारच. समुद्रात त्याचा साठा घटलाय, पकडीवर बंधनं येत आहेत, म्हणून तोही पूर्वीसारखा स्वस्त राहिला नाही. इसवण (सुरमई), सुंगटां (कोळंबी) गोठवलेली मिळतात. त्यांच्यावर बर्फाचा थर असतो, त्याला ग्लेझ म्हणतात. किलोच्या पिशवीत कधी कधी २० टक्के बर्फच असतो. पिशवीवर बर्फाशिवायचं निव्वळ वजन छापलेलं असतं, किलोचा भाव काढताना भागाकार त्या आकड्याने करा.

भाजीची काळजी करू नका. कांदा, बटाटा, गाजर, कोबी इथलेच पिकतात आणि स्वस्त आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हाही इथल्या घरांत कांदा होता. झळ बसली ती तांदळाची. त्याच वर्षी जुलैत बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली, ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के कर लागला, आणि पांढऱ्या तांदळाची बंदी उठायला सप्टेंबर २०२४ उजाडला. आता दुकानात केरळचा लाल उकडा आणि सोना मसुरी दोन्ही आहेत. तांदूळ आणू नका, बाबा. पाच किलो तांदळाने बॅगेचा पाव हिस्सा जातो आणि वाचतात किती, तर चार-पाच पौंड.

नारळाला पर्याय म्हणजे गोठवलेलं किसलेलं खोबरं, ४०० ग्रॅमची पुडी, साधारण दीड नारळ. साखर न घातलेलं बघून घ्यायचं. आई, हे थंड पाण्यात वाटू नकोस. गोठलेली चरबी कणाकणाने वेगळी होते आणि हुमण फुटल्यासारखं दिसतं. खोबऱ्याचा बर्फ पूर्ण सुटू दे, मग कोमट पाणी घाल. तूपही इथेच होतं: २५० ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याचं साधारण २०० ग्रॅम.

आता दुकानात काय बघायचं ते. फळीवरच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात किलोचा भाव असतो. बघायचा तो. पाकीट तेच, किंमत तीच, आत ५०० ऐवजी ४५० ग्रॅम, असं बऱ्याच वस्तूंचं झालंय, ते तिथेच उघडं पडतं. दुसरं, एकाच वस्तूला दोन भाव लिहिलेले दिसतील. कमी भाव दुकानाचं कार्ड दाखवलं तरच. माझं जादा कार्ड बाबांच्या किल्लीला अडकवून ठेवीन. संध्याकाळी मांसावर पिवळ्या चिठ्ठ्या लागतात, किंमत उतरवलेली. ‘यूज बाय’ तारखेनंतर मांस खायचं नाही, मग वास चांगला येवो. पण त्या तारखेच्या रात्रीपर्यंत गोठवलं तर चालतं. ‘बेस्ट बिफोर’ फक्त चवीपुरतं आहे, त्या तारखेनंतरची डाळ टाकू नका.

फ्रीझर भरण्याचं शास्त्र नीट पाळावं लागतं, नाहीतर वाचवलेले पैसे कचऱ्यात जातात. अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या, हवा दाबून काढलेल्या, हाताने थापून दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या. गोळा करून ठेवलं तर मधला भाग उशिरा गोठतो, बर्फाचे मोठे कण होतात, आणि सुटताना मांसातलं पाणी वाहून जातं. हवा राहिली तर कडा पांढऱ्या, सुक्या पडतात. दहा किलो एकदम कोंबायचं नाही, आतली थंडी उतरते आणि आधीचंही नरम पडतं. दिवसाला दोन-तीन किलो. आत उणे १८ हवं. कच्च्या कोंबडीचे तुकडे आठ-नऊ महिने टिकतात, खिमा तीन, मॅकेरल दोन ते तीनच, कारण त्याचं तेल थंडीतही खवट होतं. पिशवीवर तारीख लिहायची. सुटू द्यायचं ते फ्रिजमध्ये, आदल्या रात्री काढून, ओट्यावर नाही. सुटलेलं कच्चं मांस परत गोठवायचं नाही, शिजवून मात्र गोठवता येतं. वेगळा छोटा फ्रीझर घेतला तर वर्षाला दीडशे ते दोनशे युनिट लागतात, म्हणजे चाळीस-पन्नास पौंड. दोघांच्या घराला तो परवडत नाही. तुम्ही आल्यावर चार माणसं होऊ, तेव्हा परवडतो.

आता बॅग. शेजारून कोणी चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) द्यायला आलं तर प्रेमाने नाही म्हणा. भारतातून मांस आणि दूधदुभतं इथे आणायला बंदी आहे, तूप, पेढे, बर्फी सगळं त्यात आलं. ताजी कढीपत्त्याची पानंही नकोत, झाडपाल्याला सरकारी प्रमाणपत्र लागतं. बटाटा तर अजिबात नाही. मासळी चालते, माणशी २० किलोपर्यंत, सुकी असेल तर काही प्रश्न नाही.

म्हणून वजनाला हलकं आणि इथे न मिळणारं तेवढंच आणा. सुके गालमे (बारीक सुकी कोळंबी) अर्धा किलो, १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत घेतलेले. एक दिवस कडक उन्हात परत वाळवा, ओल राहिली तर बॅगेत बुरशी धरते. दोन झिपच्या पिशव्या, वर घट्ट झाकणाचा डबा. खारे बांगडे चारच आणा, बीपीला बरे नाहीत. तिरफळं शंभर ग्रॅम, बिया काढून, कारण चव सालीत असते. सोलां पाऊण किलो, यंदाची, मीठ कमी लावलेली. खोला किंवा हरमलची सुकी मिरची मिळून अर्धा किलो, देठं काढून. शागोतीचा मसाला भाजलेला पण खोबरं न घातलेला, खोबऱ्याने तो महिन्याभरात खवट होतो. चिवडा-फरसाण आणू नका, जागा खातं. इथे पोहे आणि कच्च्या शेंगदाण्यांवर व्हॅट नाही, चिवडा आपण घरीच करू.

प्रत्येक पुडीवर नाव इंग्रजीत लिहा. विमानतळावर कोणी विचारलं तर गालमे म्हणजे ‘ड्राइड श्रिम्प’, सोलां म्हणजे ‘ड्राइड कोकम’ एवढं बाबांनी सांगायचं. सगळं मिळून चार किलोच्या आत बसतं. उरलेल्या जागेत दोघांचे लोकरीचे स्वेटर घाला, ऑक्टोबरात लागतील.

गालमे मेच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या आणि घेतल्यावर फोन करा.

तुमची,
बाय