१९७१ चे वैमानिक जुन्या जिल्ह्यात अडकले

मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

माझे चुलते औसा तालुक्यातले. १९७१ च्या युद्धात ते हवाई दलात हेलिकॉप्टर चालवत होते. गावाने त्यांना आयुष्यभर एकच प्रश्न विचारला, ‘तात्या, किती विमानं पाडली?’ ‘एकही नाही. माणसं पोचवली,’ असे ते सांगत. मग कुणी पुढे विचारत नसे.

माणसे कुठे पोचवली, ते मी सांगते. ९ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला आणि आपल्या सैन्याची ढाक्याची वाट अडली. तिथल्या भारतीय फौजेचे सेनापती लेफ्टनंट जनरल सगतसिंग थांबले नाहीत. एमआय-४ हेलिकॉप्टरमधून जवान नदीपलीकडे उतरू लागले, आधी रायपुऱ्याला, मग नरसिंगदीला. या हेलिकॉप्टरचे इंजिन नाकात आणि वैमानिक त्याच्या वर बसलेला. रात्री उतरायचे ते शेतात कुणी धरलेल्या बॅटरीच्या उजेडावर. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, त्यात या फेऱ्यांचा वाटा मोठा आहे. तात्यांच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, मात्र प्रत्येक फेरीला एकच ओळ मिळाली आहे : तारीख, हेलिकॉप्टरचा नंबर, काम, तास. रात्रीचे तास लाल शाईने. डिसेंबरच्या त्या पानावर लाल शाईच जास्त आहे.

तात्या गेल्यावर गावच्या फलकासाठी आम्ही सरकारी नोंद शोधू लागलो. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. कारण साधे आहे. ते भरती झाले तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता, कागदावर उस्मानाबाद आहे. लातूर झाला १९८२ मध्ये. जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा; तिथल्या जुन्या सैनिकांच्या घरीही हेच चालले असणार. आता उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आहे. नावे बदलावीत, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्याने नोकरी देशासाठी केली, त्याचे नाव दोन जिल्ह्यांच्या मधल्या बांधावर का पडून राहावे?

म्हणून विनंती आहे. मराठवाड्यातल्या १९६२, १९६५ आणि १९७१ च्या सैनिकांची यादी मूळ पाच जिल्ह्यांच्या नोंदींवरून, गावनिहाय, नव्याने करावी. हवाई दल आणि नौदल त्यात वेगळे दाखवावे. गावोगावी फौजी म्हटले की फक्त भूदल डोळ्यांसमोर येते. जे हयात आहेत त्यांच्या आठवणी घरी जाऊन ध्वनिमुद्रित कराव्यात. तेव्हा पंचविशीत असलेली ही माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलण्यासारखे नाही. लॉगबुके स्कॅन करून त्यांच्या प्रती संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये ठेवाव्यात. एनडीएची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांनी ती वाचावीत.

तात्यांचे लॉगबुक आमच्याकडे नीट आहे. आपले अधिकारी सांगतील त्या दिवशी मी ते घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एका वैमानिकाची पुतणी
ता. औसा, जि. लातूर