पांढरीची माती ट्रॉलीत भरण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी नांगरट उरकली की गावोगावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, जेसीबी आणि ट्रॅक्टर लागतात. पावसाळ्याआधी टेकाडाची माती रानात पसरायची, ही जुनी रीत आहे. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही, कारण त्या मातीने पीक खरोखर जोर धरते. एका जागी शेकडो वर्षे माणसे नांदली की चुलीची राख, शेण, हाडे, खरकटे तिथेच मुरते. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मातीला धरून राहतो, सहजासहजी वाहून जात नाही. मातीतला हाच स्फुरद मोजून जुन्या वस्त्यांचा माग काढण्याची पद्धत स्वीडनमध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. रानाला जे खत, तोच वस्तीचा पुरावा, अशी ही अडचण आहे.

इजिप्तने ही किंमत आधीच मोजली आहे. तिथे जुन्या वस्त्यांच्या टेकाडांतली माती ‘सेबाख’ म्हणून शेतात टाकत. १८८७ साली अमार्ना येथे अशीच माती खणताना मातीच्या लेखपाट्या निघाल्या. तो फॅरोंचा, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांचा, परदेशी राजांशी झालेला पत्रव्यवहार होता. आज त्यातल्या पावणेचारशेच्या वर पाट्या माहीत आहेत. काही मात्र ओळख पटण्याआधीच फुटल्या, आणि कोणती पाटी कोणत्या खोलीत, कशाशेजारी पडली होती हे कायमचे गेले.

आपल्याकडचे उदाहरण दायमाबादचे. प्रवरेकाठच्या या टेकाडावर १९७४ मध्ये झाडाचा बुंधा खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून वजन साठ किलोंहून अधिक. पुढे रीतसर उत्खननात तिथे सावळदा ते जोर्वे असे ताम्रपाषाण काळातल्या (तांबे आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या) पाच संस्कृतींचे थर एकावर एक मिळाले. पण या वस्तू त्यांपैकी कोणत्या थरातल्या, हे खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे त्या उत्तर हडप्पा काळातल्या की खूप नंतरच्या, हा वाद आजही मिटलेला नाही. वस्तू हाती आहे, काळ हातचा गेला.

थर म्हणजे नेमके काय, हे जेसीबीने कापलेल्या उभ्या भिंतीत कुणालाही दिसते. खुरप्याने ती भिंत हलकेच तासावी आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारावा. करड्या राखेचा पट्टा, त्याखाली चोपून केलेल्या जमिनीची पिवळसर रेघ, मग भाजक्या मातीचा लालसर डाग, असे वेगवेगळे उठून दिसू लागते. तळाचे आधीचे, वरचे नंतरचे, हा नियम सोपा आहे. फसगत होते ती पेवांमुळे. नंतरच्या माणसांनी धान्यासाठी पेव खणले की ते दोन-तीन जुने थर फोडून खाली जाते, पुढे ते बुजते, आणि कालची खापरे हजार वर्षे जुन्या जमिनीच्या पातळीवर जाऊन बसतात. पेवातली माती भुसभुशीत लागते, तिचा रंग वेगळा असतो आणि कड वाटोळी दिसते. ती कड आधी आखून पेवातली माती वेगळी काढली नाही, तर सगळा कालक्रम बिघडतो. उंदरांची बिळेही हेच करतात. काळ्या जमिनीत आणखी एक धोका असतो: उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, त्यांतून वरचे मणी, खापरे, दाणे खाली घसरतात आणि पावसात भेग मिटली की मागमूस राहत नाही. म्हणून भेगेलगत मिळालेल्या एकट्यादुकट्या वस्तूवर कालनिर्णयाची भिस्त ठेवू नये.

काळ मोजायला कोळसा लागतो. त्यातला किरणोत्सारी कार्बन १४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून वय काढतात. नव्या यंत्रांना काही मिलिग्रॅम नमुनाही पुरतो, म्हणूनच बारीकशी भेसळसुद्धा महागात पडते. कोळसा हाताने उचलू नये. चिमट्याने किंवा स्वच्छ करणीच्या टोकाने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवावा. कापसात किंवा कागदात गुंडाळू नये: ती आजच्या झाडांची उत्पादने, त्यांचे तंतू नमुन्यात जातात. शिवाय जाड तुळईच्या गाभ्याचा कोळसा घर बांधल्याचे वर्ष सांगत नाही, तो गाभा वाढल्याचा काळ सांगतो. तो शंभर-दोनशे वर्षे आधीचाही असू शकतो. जळालेला दाणा एका हंगामाचा, म्हणून तो कधीही बरा.

असे दाणे डोळ्यांना दिसत नाहीत, ते पाण्यावर तरंगवून मिळतात. एका थरातली वीसेक लिटर माती सावलीत वाळवायची, बादलीत पाण्यात हलक्या हाताने ढवळायची आणि वर आलेले पाणी पाव मिलिमीटरच्या चाळणीतून ओतायचे. पाणी निवळ येईपर्यंत हे करायचे. तळाचा गाळ एक मिलिमीटरच्या चाळणीवर धुतला की माशांचे काटे आणि बारीक मणी मिळतात. चिकण माती फुटत नसेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवावी. चाळणीतला कोळसा उन्हात वाळवला तर तडकून भुगा होतो. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात सव्वाशेहून अधिक घरे निघाली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून तिथले लोक सातू पिकवत, हे अशा जळक्या दाण्यांनीच सांगितले. घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ आणि त्यांत पुरलेली लहान मुले, हेही तिथलेच. जेसीबीच्या बकेटला असे कुंभ खापरासारखेच लागतात, आणि हाडे ट्रॉलीत जातात.

हे सगळे गावकऱ्यांनी स्वतः खणून पाहावे, असे मुळीच म्हणणे नाही. उत्खनन हे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचे आणि जाणत्यांचे काम आहे. मागणी एवढीच की ग्रामपंचायतींनी पांढरीचे गट नंबर ठराव करून नोंदवावेत आणि तिथली माती उचलणे थांबवावे. शेताला माती हवी तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावाचा गाळ आणता येतो. पांढरीवर आधीच खणले गेले असेल तर ती उभी भिंत ढासळू देऊ नये. तिच्या कडेला मीटरची पट्टी उभी धरून समोरून फोटो काढावा, जमिनीपासूनची खोली लिहावी आणि तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे १८७८च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, हेही चावडीवर लिहून लावावे. खापरे गोळा करून देवळात ढीग घालू नयेत. लाल अंगावर काळी नक्षी असलेले, नखाने वाजवल्यास खणखणणारे खापर दिसले, तर ते जोर्वे काळातले असू शकते. ते जिथे पडले आहे तिथेच ठेवून जागा टिपून घ्यावी.

– पुरातत्त्वाचे अभ्यासक, पुणे