ड्रॉपच्या वर्षासाठी मॅडमना थँक्यू

मॅडम, हे समोर बोलायला गेले तर तुम्ही "चल, काहीतरीच!" म्हणून विषय बदलणार, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बारावीनंतर बाबांचं ऑपरेशन नेमकं प्रवेश परीक्षेच्या आठवड्यात आलं आणि वर्ष गेलं, ठरवून घेतलेला ड्रॉप वगैरे काही नव्हता. नातेवाईकांचं सुरूच, निदान सीईटी दे, इंजिनिअरिंग कर, गणित घेऊन काय करणार. तुम्ही फक्त विचारलंत, प्रूफ लिहिता येतं का? माझ्यासाठी प्रूफ म्हणजे पाठ केलेलं 'सिद्ध करा'.

मग तुम्ही ६१७४ काढलात. ती शोधणारे, देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर म्हणजे आपल्या नाशिकचेच, त्यामुळे गंमत माहीत होती: कुठलीही चार अंकी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, परत तेच, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४. म्हणजे ३५२४ घेतलं की ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. मी म्हटलं भारी आहे. तुम्ही म्हणालात, भारी आहे ते दिसतंय, पण का?

डोकं फोडून फोडून शेवटी दिसलं की वजाबाकीचं उत्तर म्हणजे क्रमाने लावलेल्या अंकांपैकी टोकाच्या दोन अंकांतला फरक गुणिले ९९९ अधिक मधल्या दोघांतला फरक गुणिले ९०, बस, म्हणजे दहा हजाराच्या आसपास संख्यांचा पसारा पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांवर येतो!! ते ५४ हाताने तपासले आणि झालं सिद्ध. माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं प्रूफ, आणि त्यावरही तुमचा लाल पेन, "उघड आहे" लिहिलं की खाली रेघ आणि "कसं?". तेव्हा भयंकर राग यायचा, खोटं कशाला बोलू.

वर नववीची पोरं शिकवायला माझ्या गळ्यात घातलीत. वजा गुणिले वजा अधिक का, हे त्यातल्या एका पोरीने विचारल्यावर माझी बोलतीच बंद.

पुढच्या मे मध्ये आयएसआयच्या (भारतीय सांख्यिकी संस्था) बी.मॅथ.चा, म्हणजे गणिताच्या पदवीचा, प्रवेशाचा पेपर दिला, त्यातला सविस्तर उत्तरांचा भाग बघून घाबरले नाही ते त्या लाल पेनमुळेच. आता अ‍ॅनालिसिसच्या (कॅल्क्युलस प्रूफसकट शिकायचा विषय) तासाला एप्सिलॉन, म्हणजे ती हवी तितकी छोटी धन संख्या, आला की अर्धा वर्ग माना टाकतो, मी निदान "कसं?" विचारत बसते.

थँक्यू मॅडम, मनापासून. दिवाळीत येतेय, पाच अंकी संख्यांचं करून बघितलंय, तिथे एकाच संख्येवर थांबत नाही, चक्रात फिरत राहतं. वही आणते, लाल पेन काढून ठेवा.