गोळी चुकली तर काय, हेही छापा

मा. संपादक,

मी सातपूर भागात आशाताई. परवा एक जण माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. पहिल्या ओळीतल्या तीन गोळ्या राहिलेल्या. ‘रात्रपाळी होती ताई. आज तिन्ही एकदम घेऊ का?’

नको गं बाई! माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या. 21 हार्मोनच्या, 7 लोहाच्या. लोहाची राहिली तर दिवस जायची भीती नाही. हार्मोनची एक चुकली तर आठवताच घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळी. दोन किंवा जास्त चुकल्या तर लगेच एकच घ्यायची, रोजची चालू ठेवायची आणि सात दिवस निरोध वापरायचा.

‘पाळी आत्ताच झाली, आता काय होतंय?’ असं बायका म्हणतात. नेमकं उलटं आहे. लोहाच्या सात दिवसांत हार्मोन पोटात जात नाही, अंडाशयात बीज वाढू लागतं. त्यात नवं पाकीट उशिरा सुरू झालं की ते बाहेर पडू शकतं. हिचं तसंच झालेलं. संबंधाला दोन दिवस झाले होते. तातडीच्या गोळीची मुदत 72 तास, म्हणून तेव्हाच दवाखान्यात नेलं.

पाकिटातली चिठ्ठी मुंगीच्या अक्षरात असते. आपल्या आरोग्य पुरवणीत ही माहिती ठळक छापाल का?

– एक आशा कार्यकर्ती, सातपूर, नाशिक